अण्णांच्या नावावरचे चारशे बारा दिवस

रविवारी सकाळी साडेनऊला रत्नाकर हळबे स्वतःच्या शर्टाला स्वतः इस्त्री करत होते. घरात काहीतरी मोठं घडणार आहे हे एवढ्यावरून येलहंक्यातल्या कावळ्यांनाही कळलं असावं. त्यांनी इस्त्री हातात घेतल्याला सोळा वर्षं झाली होती. निवृत्तीच्या दिवशी घेतली होती, आणि तेव्हा एक बाही जळली होती. आज दोन्ही बाह्या शाबूत होत्या आणि अण्णा शीळ घालत होते.

अकरा वाजता वसुमती मॅडम यायच्या होत्या.

हळब्यांच्या घरात जे काही असतं ते अण्णांच्या नावावर असतं. गॅस, वीज, नळ, वाचनालयाचं कार्ड, धाकट्या भावाच्या मोटरसायकलचे कागद, सगळं. तेव्हा सव्वा वर्षापूर्वी सून प्रांजलीने सासऱ्यांच्या फोनवर कानडी शिकायचं ॲप घालून दिलं, त्यावरही अण्णांचंच नाव पडलं. ॲपमध्ये एक खार होती. उत्तर बरोबर आलं की शेपूट उडवायची, चुकलं की पाठ फिरवून बसायची. रोज एक धडा केला की दिवसांचा आकडा एकाने वाढायचा, एक दिवस चुकला की पुन्हा शून्य. घरात त्या ॲपला सगळे खारच म्हणत.

आता अण्णांना कानडी येत नव्हतं असं कोणी म्हणू नये. विमानाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांचं कानडी प्रेसशॉपमध्ये तयार झालेलं, पत्रा दाबून घडवणाऱ्या यंत्रांच्या आवाजावर चढून बोलायचं. ते ऐकून ट्रकवाले रस्ता सोडत, आणि होसकोट्याच्या बाजारात एकदा बसलेला बैल उठून चालू लागला होता. अक्षर मात्र एक येत नव्हतं. खारीने त्यांना नेमकी अक्षरंच विचारली. चार दिवस धडा कसाबसा पुरा झाला आणि चारही दिवस ती बहुतेक पाठ फिरवूनच बसली. पाचव्या दुपारी अण्णांनी फोन उशाशी आपटला. "छत्तीस वर्षं मी कानडी बोललो, आणि ही झाडावरची मला शिकवणार," असं म्हणून ते झोपले, आणि त्यानंतर त्यांनी खारीचं तोंड पाहिलं नाही.

आकडा मात्र वाढत राहिला. पन्नास झाले, शंभर झाले, वर्ष उलटलं. अण्णांची समजूत अशी की सून ऑफिसात बसून काहीतरी करत असेल, तिचं कामच ते. मुलगा जितेंद्रची समजूत की हे काकांचे उद्योग. आणि काकांची, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाची, बाळची, समजूत अशी की असे आकडे विजेच्या मीटरसारखे आपले आपण फिरतात.

ज्या व्यक्तीने आकडा फिरवला होता ती या वेळी स्वयंपाकघरात कोथिंबीरवडीचे उंडे चाळणीतून काढत होती. दुपारी जेवणं आटोपली, अण्णांचं घोरणं लागलं की त्यांच्या पत्नी श्यामलाबाई उशाशी पडलेला फोन उचलत आणि मागच्या पायरीवर जाऊन बसत. चारशे आठ दुपारी. आणि आज त्यांना त्या दुपारींच्या बदल्यात एक गोष्ट हवी होती, ती अजून त्यांनी कोणाला सांगितली नव्हती.

ही वेळ आणली बाळकाकांनी. मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी चारशेव्या दिवशी फोनच्या पडद्याचा फोटो टाकला, आणि खाली लिहिलं की आमचे वडीलबंधू, वय वर्षे शहात्तर, फोनवरून लिपी शिकून आता हळेबीडचे शिलालेख वाचतात. हळेबीडला अण्णा एकदाच गेले होते आणि गुडघा दुखत होता म्हणून बसमधून उतरलेही नव्हते. पण बातमी फिरत फिरत वसुमती मॅडमपर्यंत गेली. शाळेतून निवृत्त झालेल्या या कानडी बाई इंदिरानगरात एका हॉलमध्ये दर शनिवारी पुण्या-मुंबई-नागपूरहून आलेल्या मंडळींना कानडी शिकवत. बोलण्यापर्यंत मंडळी टिकायची, अक्षरं आली की पळायची. अक्षरांच्या वर्गाला त्यांना मराठी घरातलं, फोनवर स्वतः शिकलेलं माणूस हवं होतं. त्यांनी अण्णांना फोन केला आणि अण्णांनी जागच्या जागी "माडोण, माडोण" म्हणून टाकलं. करू या, त्यात काय.

दहाला जितेंद्र आणि प्रांजली इंदिरानगरहून गाडीने आले. जितेंद्रने चपलासुद्धा नीट काढल्या नाहीत.

"अण्णा, फोन करून सांगा, ताप आलाय."

"कोणाला?"

"तुम्हाला."

"मला शेवटचा ताप आला तेव्हा तू दुसरीत होतास. सत्त्याऐंशी साल. तोही अर्ध्या दिवसात उतरला."

जितेंद्रला स्वतःलाच ताप आल्यासारखं वाटत होतं. वसुमती मॅडमचा हॉल त्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, आणि शनिवारच्या चौदा जणांतले पाच त्याच्याच ऑफिसातले. आपले वडील फळ्यासमोर उभे आहेत, हातात खडू आहे, आणि फळा कोरा आहे, हे चित्र त्याला तीन दिवस दिसत होतं. तो इथेच वाढलेला, बोलायला अडत नव्हता. पण कारखान्याच्या शाळेत हिंदी-संस्कृत शिकलेला, अक्षरांच्या बाबतीत वडिलांचाच मुलगा.

"ताप नको," आरामखुर्चीतून बाळकाका म्हणाले. "अण्णा, त्याला सांग, ताप उतरतो. घसा बसला म्हणावं. मफलर गुंडाळून बस. तुझ्या वतीने मी बोलतो."

होसकोट्याच्या प्लॉटवरून झालेल्या त्या प्रसिद्ध भांडणानंतर काका-पुतणे अकरा महिने एकमेकांशी थेट बोलत नव्हते. जे बोलायचं ते अण्णांमार्फत.

"अण्णा, काकांना सांगा, ते बोलले म्हणूनच हे झालंय."

"अण्णा, त्याला सांग, मी घराण्याचं नाव मोठं केलं."

"मी काय टेलिफोन एक्सचेंज आहे?" अण्णा म्हणाले आणि शर्ट अंगात चढवला. "ऐका. काही घाबरायचं नाही. मी आख्खी प्रेस उघडून पुन्हा जोडलेला माणूस आहे. ती बाई येईल, मी बोलेन. बोलण्यात मला कोणी हरवत नाही. शनिवारी अक्षरं प्रांजली फळ्यावर काढेल. गॅस माझ्या नावावर आहे म्हणून पोळ्या मी लाटतो का? तसंच हे."

"मी?" प्रांजली म्हणाली. "अण्णा, मला थोडं म्हणजे 'स्वल्प' आणि बरं म्हणजे 'सरी', एवढंच येतं. तेही ऑटोवाल्यांपुरतं."

"मग रोजचे धडे करणारी तू नाहीस?"

"मी कशाला करू? मला वाटलं तुम्हीच करताय. मी तर तुमचं उदाहरण माझ्या आईला देते."

अण्णांनी बाळकडे पाहिलं. बाळकाकांनी दोन्ही हात वर केले. प्रांजलीने मात्र अण्णांचा फोन घेतला आणि दोन मिनिटं त्यात डोकं घातलं. कुठल्या यंत्राने केव्हा काय केलं हे नोंदींवरून शोधायचं, हेच ती ऑफिसात दिवसभर करायची. माणसं काहीही सांगोत, नोंदी थापा मारत नाहीत, हा तिचा अनुभव. इथे तर नोंदी शाळेच्या घंटेसारख्या होत्या. दोन चाळीस. दोन पस्तीस. दोन चाळीस. दिवाळीच्या दिवशीसुद्धा तीन वाजून पाच.

"दुपारी पावणेतीनला या घरात जागं कोण असतं?"

"मी नसतो," बाळकाका म्हणाले.

"मी तर नाहीच," अण्णा म्हणाले.

स्वयंपाकघरातून सुरीने वड्या पाडल्याचा आवाज येत होता. एकसारखा, मोजून मापून. प्रांजली उठली. ती पाणी आणायला चालली असं तिन्ही पुरुषांना वाटलं.

"आई, दुपारी पावणेतीनला तुम्ही काय करता?"

"झोपते."

"फोन घेऊन?"

श्यामलाबाईंनी सुरी थांबवली नाही. "दार लोटून घे," म्हणाल्या.

प्रांजलीने दार लोटलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली. सासूने एक वडी तिच्या हातावर ठेवली, दुसरी स्वतः खाल्ली, मीठ बरोबर आहे याची खात्री करून घेतली आणि मगच बोलायला लागल्या.

"हे आपटून झोपले त्या दिवशी. खार पाठ फिरवून बसली होती. म्हटलं, उठले की पुन्हा हिच्याशी भांडतील, त्यापेक्षा आपणच हिला वळवावं. एक धडा केला. अंदाजाने दाबलं एक अक्षर, आणि तिने शेपूट उडवली. आता तुला हसू येईल, पण या घरात माझ्या कुठल्या कामावर कोणी शेपूट उडवल्याला किती वर्षं झाली होती."

"मला हसू नाही येत आहे."

"आधी सगळी अक्षरं सारखीच दिसायची. मग लक्षात आलं, बहुतेकांच्या डोक्यावर पागोटं आहे. एकदा पागोटं दिसलं ना, की खालचे चेहरे वेगळे दिसायला लागतात. लग्नात व्याह्यांची माणसं ओळखावी लागतात तसं." त्यांनी वडी तेलात सोडली. "दिवाळीनंतर एकदा मी बसस्टॉपवर उभी होते. बस आली. तिच्या कपाळावरचं मी वाचलं. कंडक्टर ओरडायच्या आधी. चढले, आणि उतरायचं तिथे उतरलेच नाही. तीन स्टॉप पुढे गेले. दुकानांच्या पाट्या वाचत. आपल्या त्या औषधाच्या दुकानाचं नाव काय आहे ठाऊक आहे तुला? मला चव्वेचाळीस वर्षं ठाऊक नव्हतं."

"आणि हे तुम्ही कोणालाच सांगितलं नाही? सीरियसली, आई?"

"कुठल्या तोंडाने सांगू? भाजीवाल्याशी हे बोलणार, डॉक्टरशी हे बोलणार, शेजारची अक्का माझ्याशी बोलायची तेही हेच मला मराठीत सांगणार, वर पदरचं घालून. मी नवी होते तेव्हा बरं वाटायचं. काही करावंच लागत नाही, महाराणी. मग सवय झाली. आता हे असताना मी तोंड उघडलं तर ती अक्कासुद्धा दचकेल." त्यांनी झाऱ्याने वड्या उलटल्या. मग तोंड न फिरवताच म्हणाल्या, "प्रांजली, तो शनिवारचा वर्ग मला हवाय."

एवढं सरळ वाक्य सासूच्या तोंडून प्रांजलीने सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. सासू नेहमी 'बघू', 'होईल तसं', 'ह्यांना विचारते' अशा शब्दांत बोलायची.

"मग बाहेर चला आणि सांगा."

"ह्यांचं काय? सव्वा वर्ष ताठ मानेने फिरलेत. बँकेतल्या मुलीला सांगितलंय, दूधवाल्याला सांगितलंय. आज शर्टाला इस्त्रीसुद्धा स्वतः केलीय."

"आई, शनिवारी ते फळ्यासमोर उभे राहिले तर?"

श्यामलाबाईंनी ते चित्र क्षणभर मनाशी पाहिलं. त्यांना हसू आलं नाही, वाईट वाटलं. मग त्यांनी गॅस बंद केला, पदर खोचला आणि थाळी उचलली.

बाहेर बाळकाका मफलर शोधून घेऊन आले होते.

"वड्या घ्या," श्यामलाबाई म्हणाल्या. "आणि ते धडे मी केलेत."

बाळकाकांचा हात थाळीपर्यंत येऊन थांबला. "कुठले धडे, वहिनी?"

"खारीचे. पहिले चार दिवस ह्यांचे, पुढचे माझे. शनिवारचा वर्गही मी घेणार आहे."

पहिला भानावर आला जितेंद्र. वडिलांच्या फजितीतून सुटका होते आहे हे त्याच्या लक्षातच आलं नाही. त्याला दिसली ती गर्दीच्या बसमध्ये दांड्याला धरून उभी असलेली आई.

"आई, येलहंका ते इंदिरानगर म्हणजे काय गंमत आहे? दोन बस बदलायच्या. तू एकटी कधी यशवंतपूरपर्यंत तरी गेलीस?"

"जितू बरोबर बोलतोय," बाळकाका म्हणाले.

"काका, तुम्हीच समजवा तिला."

"समजावतो ना. वहिनी, बघा, मंडळाच्या ग्रुपवर तीनशे माणसं आहेत. त्यांना मी काय सांगू?"

अकरा महिन्यांनी काका-पुतणे एकमेकांशी थेट बोलले होते. मध्ये एक्सचेंज लागलं नाही. प्रांजलीने ते पाहिलं आणि मनात म्हटलं, वा, आईंना अडवायचं म्हटल्यावर कशी लाइन लागली.

"असं करू," बाळकाकांना कल्पना सुचली. "अण्णा पुढे बसेल. वहिनी, तुम्ही मागे. अक्षर आलं की तुम्ही खोकायचं. एकदा खोकलं तर क, दोनदा खोकलं तर ख..."

"भावजी, त्या भाषेत एकोणपन्नास अक्षरं आहेत. शेवटचा ळ येईपर्यंत मला दवाखान्यात न्यावं लागेल."

प्रांजली हसली. जितेंद्रही हसला असता, पण त्याचं लक्ष वडिलांकडे गेलं. अण्णा खुर्चीत बसले होते आणि वडी न खाता हातात धरून होते.

अण्णांना काय वाटत होतं? आकड्याचं वाईट वाटत नव्हतं. आकडा आपला नाही हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि त्याची त्यांना कधी लाजही वाटली नव्हती. त्यांना दिसत होता तो स्वतःचा दुपारचा झोपलेला चेहरा, तोंड उघडं, आणि त्याच्या उशापासून फोन उचलणारा हात. चारशे आठ वेळा. एकदाही जाग आली नाही. प्रेसच्या आवाजात एक नट ढिला झाला तरी ज्याच्या कानाला कळायचं, असा हा माणूस.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असता."

बाळकाका मोठ्याने हसले आणि लगेच त्यांनी एक वडी तोंडात टाकली. अण्णांनी वडी थाळीत परत ठेवली. ते काही बोलणार, तेवढ्यात बेल वाजली. अकराला अजून वीस मिनिटं होती.

वसुमती मॅडम सत्तरीच्या, काटक, खांद्याला कापडी पिशवी. आत येताना त्यांनी दारावरची नावाची पाटी वाचली, उंबरा पाहिला, जमीन पाहिली, माणसं पाहिली आणि मगच हसल्या. अण्णा सवयीने उठले. "बन्नी, बन्नी, कूत्कोळ्ळी," या, बसा, आणि पुढे सुरू झाले. यापुढचं सगळं कानडीतून झालं. आपल्या सोयीसाठी मराठीत घेऊ.

अण्णा दहा मिनिटं बोलले आणि फार छान बोलले. इतकी वर्षं ज्यावर उभे होते त्या जमिनीवर ते उभे होते. बाईंच्या गावाचं नाव विचारून त्या गावचा एक फिटर आपल्या हाताखाली होता असं त्यांनी सांगितलं, आणि त्या फिटरने जेवणाच्या सुट्टीत एका बैठकीला बावीस मुद्दे, म्हणजे नाचणीचे उंडे, कसे संपवले तेही सांगितलं. खरे सात असतील. मॅडम डोळे पुसेपर्यंत हसल्या. बाळकाकांनी जितेंद्रला कोपर मारलं. निभावलं, असं त्यांचा चेहरा सांगत होता.

मग मॅडमनी एक वडी खाल्ली, हात पुसला आणि म्हणाल्या, "सर, तुमचं बोलणं ऐकायला मी रोज येईन. पण बोलणं माझ्या वर्गातली मुलं भाजीवाल्याकडून शिकतात. मला अक्षरं हवी आहेत. मी दाखले बघत नाही, फोनवरचे आकडे बघत नाही. माझ्यासमोर एक धडा घेऊन दाखवा. आत्ता."

अण्णांनी घसा खाकरला. बाळकाकांचा हात मफलरकडे गेला.

"नन्न हेसरु श्यामला," दाराजवळून आवाज आला. माझं नाव श्यामला. आणि मग, एकेक शब्द पायरी उतरल्यासारखा, "ई पाठगळन्नु नानु माडिदेनु." हे पाठ मी केले आहेत.

जितेंद्रने मान वळवली. आवाज आईचाच होता, पण त्यात 'बघू' नव्हतं, 'होईल तसं' नव्हतं. फोनने शिकवलेलं ते कानडी रेडिओवरच्या बातम्यांसारखं होतं, पुस्तकी, घडी न मोडलेलं, आणि त्यामुळे ती एखादी सरकारी घोषणा करते आहे असं वाटत होतं.

वसुमती मॅडमनी खुर्चीच तिच्याकडे फिरवली.

"मग नाव ह्यांचं कसं?"

"फोन ह्यांचा."

"अस्सं." मॅडमना आणखी काही विचारायची गरज पडली नाही. सदतीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला दुसऱ्याच्या वहीतलं अक्षर कोणाचं ते कळतं. "मग तुम्ही शिकवून दाखवा."

"कोणाला?"

जितेंद्रने अर्धा हात वर केला. त्याच्या कुजबुजत्या मराठीवर कान ठेवून बसलेली प्रांजली पूर्णच उठली. मॅडमनी दोघांनाही बसायला सांगितलं.

"ही दोघं समजूतदार दिसतात. माझ्याकडे येतात ते असे नसतात. एक अक्षर येत नाही पण सगळं येतं असं ज्याला वाटतं, असं कोणी आहे का घरात?"

कोणीही अण्णांकडे पाहिलं नाही. जितेंद्रने पंख्याकडे पाहिलं, बाळकाकांनी मफलरकडे, प्रांजलीने खिडकीकडे. इतक्या सगळ्यांनी एकाच माणसाकडे न पाहणं ही गोष्ट मॅडमच्या नजरेतून सुटण्यासारखी नव्हती.

श्यामलाबाई मात्र सरळ नवऱ्याकडे पाहत होत्या. त्यांना ठाऊक होतं, आता सगळं या माणसाच्या हातात आहे. त्याने हसून एक कोटी केली, दोन मुद्दे आणि एक फिटर आणखी सांगितला, तर दुपार होईल, बाई चहा पिऊन जातील आणि वर्ग गेला. तो माणूस हे सहज करू शकत होता. आयुष्यभर केलं होतं, आणि त्यात वाईट हेतू एकदाही नव्हता.

अण्णांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "पाट दे," म्हणाले. "गुडघा दुखतो, पण बसतो."

ते पाटावर बसले. श्यामलाबाईंनी देवघरातून रांगोळीचा डबा आणला आणि त्यांच्यासमोर लाल गुळगुळीत जमिनीवर बसल्या.

"बाई, छडी आणलीत का?" अण्णा म्हणाले.

"गप्प बसा. इकडे बघा."

अण्णा गप्प बसले. बाळकाकांनी ही तारीख लक्षात ठेवायची असं ठरवलं.

श्यामलाबाईंनी चिमटीतून एक अक्षर सोडलं. "हे गोगलगाईसारखं आहे. हा अ. दुसरं, हे उघड्या तोंडाचं भांडं, वर पागोटं. हा प. आता पागोट्याचं टोक उजवीकडे ओढून खाली सोडलं, काय झालं?"

"पागोटं सुटलं."

"सुटलं नाही. प चा पा झाला. कुठल्याही अक्षराचं टोक असं सोडलं की आ. एवढं लक्षात ठेवा, अर्धी भाषा लांब होते. आता तिसरं. हे जरा नटवं आहे, गिरक्या घेतं. हा य. शब्द मी आपल्याच घरातला घेतलाय, मराठीतही तोच. अक्षरं तेवढी नवी. म्हणजे एका वेळी एकच भीती."

मॅडमनी पिशवीतून वही काढली आणि काहीतरी लिहून घेतलं.

अण्णा जमिनीकडे पाहत होते. लाल जमीन, पांढरी अक्षरं. त्यांनी मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली. त्यांच्या कपाळावर एक आठी आली.

"हे मी पाहिलंय."

"असेल."

"नाही, हेच. असंच. लालवर पांढरं. थांब, मला ओळखू दे..."

"ओळखू नका. वाचा. ओळखण्यातच आपला जन्म गेला." श्यामलाबाईंनी पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. आवाज वाढला नव्हता, पण बोट हललं नाही.

अण्णांनी ओठ ओले केले. "अ," म्हणाले. बोट पुढे सरकलं. "प. नाही, टोक सोडलंय. पा." बोट पुन्हा सरकलं. हे तिसरं खूप गिरक्या घेत होतं. अण्णांच्या कानशिलावर घाम आला. जितेंद्र नकळत पुढे वाकला होता. "य," अण्णा म्हणाले. मग सगळं एकत्र, हळू, "अपाय."

अण्णा त्या तीन अक्षरांकडे असे पाहत होते जसं कोणी फार जुन्या सहकाऱ्याला त्याचं खरं नाव कळल्यावर पाहावं.

"आमच्या मोठ्या प्रेसवर होती ही पाटी," शेवटी ते मराठीत म्हणाले. "लाल पत्र्याची. वरचा हिंदी-इंग्रजीचा तुकडा मी यायच्या आधीच तुटला होता, एवढंच उरलं होतं. मला वाटायचं, यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं नाव असेल." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "अकरा वर्षं मी त्या धोक्याच्या पाटीला डब्याची पिशवी अडकवत होतो. रोज. हात यंत्राच्या आत घालून."

"काय म्हणाले?" मॅडमनी विचारलं.

श्यामलाबाईंनी सांगितलं. त्यांच्या त्या रेडिओच्या कानडीत, एकही शब्द न गाळता, पदरचं काहीही न घालता. मॅडम आधी दचकल्या आणि मग अशा हसल्या की चहा बशीत आला. हसता हसता त्यांनी वहीचं पान उलटलं.

"चौदा जण आहेत," म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात वीस होतील. झेपतील?"

"झेपतील," श्यामलाबाई म्हणाल्या आणि रांगोळीच्या डब्याचं झाकण लावलं.

अण्णा पाटावरून उठले नव्हते. बाळकाकांनी हात पुढे केला तोही त्यांना दिसला नाही.

"झाकण का लावलंस? पुढचं अक्षर?"

"पुढचं शनिवारी," श्यामलाबाई म्हणाल्या. "साडेदहाला. उशीर झाला तर आत घेणार नाही."